दोघांची तिकिटं

चूक माझीच होती, हे आधी सांगून टाकते.

विमानतळाबाहेर, टॅक्सीच्या रांगेच्याही पार टोकाला, शहरात जाणाऱ्या स्वस्तातल्या बसची तिकीटखिडकी होती. दुपारचे साडेचारच वाजले होते, पण धुकं असं की दिवे लागले होते. नवऱ्याची ड्यूटी आठपर्यंत, म्हणून तो येणार नव्हता. "बस सोपी आहे. शेवटच्या थांब्यावर उतर, समोरच आपली इमारत. किल्ली वॉचमनकडे," एवढं त्यानं फोनवर सांगितलं आणि मग आम्ही दोघंही गप्प झालो.

आमचं नेहमी असंच व्हायचं. लग्नानंतर अकरा दिवस एकत्र, मग तो कामावर परत. त्यानंतर रोजचा फोन, आणि फोनवर शांतता. त्याला 'तू' म्हणावं की 'तुम्ही', हेही ठरत नव्हतं, त्यामुळे मी "जेवण झालं का?" असली कुणालाही चालतील अशी वाक्यं बोलायचे. या माणसाशी मला कधी बोलता येईल का, ही धास्ती मी दोन बॅगांबरोबर तिसरी बॅग असल्यासारखी घेऊन निघाले होते.

तिकीटखिडकीतल्या बाईनं मान वर न करता विचारलं, "किती जण?"

"दोघं," मी म्हणाले.

सवय लागलेली. ते अकरा दिवस जेवायला, फोटोला, कुणाच्या गाडीत बसायला, कुठंही हा प्रश्न आला की सासूबाई आमच्या वतीनं हेच उत्तर द्यायच्या. लक्षात येईपर्यंत दोन तिकिटं माझ्या हातात होती आणि मागे रांग खोळंबली होती. भांडण हा माझा प्रांत नाही. गुपचूप चढले. मागच्या बाजूला दोघांचं बाकडं रिकामं होतं. खिडकीतून गारठा झिरपत होता, म्हणून मी अलीकडच्या जागेवर बसले.

या बसची एक पद्धत होती. जेवढी तिकिटं गेली, तेवढी माणसं आत मोजल्याशिवाय ती सुटायची नाही. गळ्याला मफलर गुंडाळलेला म्हातारा ड्रायव्हर हातात पेन्सिल घेऊन मधल्या वाटेनं आला. प्रत्येक माणसामागे सीटच्या पाठीवर एकदा टक. मी मनात वाक्य जुळवत होते. काका, एक कमी भरेल, ते माझं चुकलंय.

माझ्यापाशी तो थांबला. टक. मग हात लांबवून, खिडकीकडच्या जागेवर, टक.

"एकोणीस. पूर्ण," तो म्हणाला आणि वळला.



बस निघाली. बाहेर धुक्यात नुसते दिव्यांचे गोळे सरकत होते. थोड्या वेळानं वास आला, बरेच दिवस बंद असलेली खोली उघडल्यासारखा. ओल, जुने लोकरीचे कपडे... मी तिकडे बघितलं नाही. मोबाइल काढला, तर तो बंद पडलेला. चार्जिंग संपलं होतं.

पुढच्या सीटवरच्या मावशी मागे वळल्या. "अगं, तुझ्याबरोबरच्यांना खिडकी लावायला सांग की. मान आखडली माझी."

"खिडकी बंदच आहे," मी म्हणाले. "आणि माझ्याबरोबर कुणी..."

मावशींनी माझ्या शेजारी पाहिलं. मग माझ्याकडे. मग पिशवी उचलून ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर जाऊन बसल्या.

तेव्हा मीही पाहिलं. जागा रिकामी होती. फक्त काचेवर, बसलेल्या माणसाचं तोंड येईल तेवढ्या उंचीवर, वाफेचा एक डाग होता. तो लहान झाला. मग मोठा झाला. मग लहान.

उठून दुसरीकडे जावं, हे मलाही सुचलं. पण पायांना सुचलं नाही.

दर थांब्यावर ड्रायव्हर उरलेला आकडा मोठ्यानं म्हणायचा. अकरा. सात. चार. मी मोजायचे, तर माझ्या मोजणीत दर वेळी एक कमी. मावशी उतरल्या तेव्हा तो म्हणाला, "आता दोघं."

"म्हणजे... तुम्ही आणि मी ना, काका?"

"मी मला धरत नाही," तो आरशात बघत म्हणाला.

शेवटच्या थांब्यावर मी बॅगा ओढत दाराशी आले. "काका, मी एकटीच आहे हो. ते तिकीट चुकून..."

"असेल. पण बोलावलंत ना तुम्ही," तो हळूच म्हणाला. "आता इथं ठेवून जाऊ नका. रात्रभर गाडीत मी एकटा असतो."

मी उतरले. बसची पायरी माझ्या वजनानं दबली आणि वर आली. दार उघडंच राहिलं. मग पायरी पुन्हा एकदा दबली... आणि वर आली. त्यानंतरच दार लागलं.

आठव्या मजल्यावर मी घरातले सगळे दिवे लावले. माझ्या चार्जरची पिन इथल्या भिंतीतल्या छिद्रांत जाईना. बंद मोबाइल टेबलावर ठेवून मी भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसले. भीतीनं दमायलाही होतं. कधीतरी डोळा लागला.

बेल वाजली तेव्हा पावणेनऊ झाले होते. नवरा दारात उभा होता आणि हसत होता. त्याला असं हसताना मी फोटोतसुद्धा पाहिलं नव्हतं.

"काय गं, समोर आलो की लगेच गप्प?" तो बूट काढत म्हणाला. "तू बसमध्ये होतीस तेव्हा तर फोनवर तासभर माझ्या कानाशी बडबड चाललेली."

"कुणाची?"

"शेजारणीची," तो डोळे मिचकावत म्हणाला. "फोनवर किती छान बोलतेस तू. मला वाटायचं, तुला माझ्याशी बोलायचंच नसतं. लहानपणचं काय काय सांगितलंस. आणि मला चक्क 'अरे' म्हणालीस." तो जरा थांबला. "रोज अशीच बोलशील ना?"

सांगायला हवं होतं. पण तो इतका आनंदात होता, आणि मी या शहरात दुसऱ्या कुणाला ओळखत नव्हते.

"बोलेन," मी म्हणाले.

तो हात धुवायला आत गेला. मी टेबलावरचा मोबाइल उचलला. बटण दाबून धरलं. काही नाही, बंदच. पण खालच्या बाजूला, बोलताना तोंड येतं तिथं, काळ्या काचेवर वाफ धरली होती. मी बघत असतानाच ती थोडी लहान झाली, आणि मग मोठी.