सोजरचा टाक

खोटं वाटलं तर वाटू द्या. पण ज्या बाईची ही गोष्ट, ती माझ्या आजीची, रुखमाबाईची, सख्खी बहीण. आणि तो टाक आजही आमच्या देव्हाऱ्यात आहे.

साल एकोणीसशे सत्तावीस. जऊळक्याजवळचं खेडं. दिवाळीच्या पाडव्याची दुपार.

आजीच्या या बहिणीला, पंचफुलाला, त्याआधी देवी आल्या होत्या. जीव वाचला, पण तोंडभर वण राहिले. नवऱ्यानं ते तोंड पाहिलं आणि काडीमोड देऊन मोकळा झाला. पुढं दोन वर्षं तिनं चेहऱ्यावरचा पदर काढला नाही.

मग जगदेव भेटला. साधा शेतकरी, बायको बाळंतपणात गेलेली. त्याच्या शेतात कापूस वेचताना वाऱ्यानं पदर उडाला, आणि हा बाबा बघतच राहिला! दोघांचा पाट लागला, दुसरा संसार सुरू झाला.

"या वणायतच माहा जीव अडकला," असं म्हणून तो तिच्या गालावरून बोट फिरवायचा.

पंचफुला रडायची. सुखानं.

तिच्या गळ्यात जगदेवच्या पहिलीचा, सोजरचा, टाक होता, चांदीच्या पत्र्यावर उठवलेला तिचा मुखवटा. मेलेली रुसू नये म्हणून दुसरीनं तो घालायचा. पहिला घास टाकाला दाखवायचा, मग आपण जेवायचं. तशी रीतच होती.

त्या पाडव्याला जेवताना जगदेव म्हणाला, "मेल्या माणसाले गयात काहून वागवून राह्यली? आता तूच माही."

त्यानं टाक सोडून कोनाड्यात ठेवला. पहिला घास तिलाच भरवला.

कोनाड्यात काहीतरी वाजलं...

टिक.

उंदीर असेल, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी तोंड धुताना बोट थबकलं. नाकाजवळचा वण... नव्हता.

मग कपाळावरचा गेला. मग गालावरचे. दर वेळी कोनाड्यात... टिक.

गावच्या बायका हरखल्या. "देवी पावली वं तुले!" म्हणत त्यांनी तिची ओटी भरली. हे माझं तोंड नाही, असं तिला ओरडून सांगायचं होतं. पण नितळ तोंडाच्या बाईचं रडणं कोण ऐकून घेणार?

जगदेव अजूनही गालावरून बोट फिरवायचा. काहीतरी शोधायचा... आणि थांबायचा.

एका सकाळी तो सहज म्हणाला, "सोजर, पाणी दे."

ती कोनाड्याकडे धावली.

चांदीच्या गालावर बारीक खड्डे उठले होते. तिचेच.

तिनं टाक पुन्हा गळ्यात बांधला. घास दाखवला, नाक घासलं, माफी मागितली. काही उपयोग झाला नाही. जगदेव पूर्वीइतकाच जीव लावायचा... पण सोजरला. हळूहळू सारं गावच तिला सोजर म्हणू लागलं.

आजी भेटायला गेली तेव्हा पंचफुलानं तिचे हात घट्ट धरले. "रुखमे, एकदा मले माह्या नावानं हाक मार ना वं. एकदाच."

आजीनं तोंड उघडलं...

"सोजर," आजी म्हणाली.

गोष्ट सांगताना आजी दर वेळी इथंच थांबायची. बहिणीचं नाव मरेपर्यंत तिच्या तोंडी आलं नाही. मला ते मंगरूळपीरला कळलं, पंचफुलाला टाकणाऱ्या पहिल्या सासरच्या लोकांकडून. त्यांच्या ते लक्षात होतं.

बहीण गेल्यावर टाक आजीकडे आला. दिवाळीला तो घासताना मी हळूच म्हणतो, "पंचफुला."

चांदी हाताला गरम लागते...

देवीचा ताप चढल्यासारखी.