भर दुपारी वीज कुठे जाते?

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि समजा, मे महिन्याची दुपार आहे. लाइट गेलेत. तुमच्या घरातला पंखा गरगरत गरगरत थांबला. कपडे घामाने अंगाला चिकटलेत. आणि शेजारच्या घरातला पंखा मात्र मजेत फिरतोय! कसं वाटेल तुम्हाला?

हातखंब्याजवळच्या एका वाडीतल्या दर्शनाला अगदी तस्संच वाटत होतं. शेजारच्या निलेशकाकांनी गच्चीवर सौर पॅनेल बसवली होती, खाली बॅटरी ठेवली होती. वीजबिल तर एवढंसं झालं होतं. पण खरा जाच होता त्यांच्या मुलाचा, स्वरूपचा.

"बघ, आज किती वीज बनली!" म्हणत तो रोज मोबाइल तिच्या नाकासमोर नाचवायचा. त्यात विजेची रेघ सकाळी चढायची, दुपारी डोंगराएवढी व्हायची आणि संध्याकाळी उतरायची.

"आमचे बाबा पण बसवणारेत!" दर्शना फणकारली.

"कधी? मुंबईहून येतील तेव्हा ना?"

पण त्या आठवड्यात गंमतच झाली. कुणी डोंगराचा माथा कापून न्यावा तशी ती रेघ भर दुपारी खाली येऊ लागली. रोज! स्वरूपचं तोंड उतरलं. दर्शनाला मात्र मनातून गारेगार वाटलं. बरी जिरली!

हा गारवा फार टिकला नाही. संध्याकाळी निलेशकाकांना फोनवर बोलताना तिने ऐकलं, "सुहास, तू नको पडू यात. आमची पॅनेल बिघडली बघ. आमच्या आमरसाच्या कारखान्यावर पण बसवणार होतो, शीतघराचं बिल वाचलं असतं. उद्या नकार कळवतो."

सुहास म्हणजे दर्शनाचे बाबा! म्हणजे आता आपल्याकडेही पॅनेल येणार नाहीत!

सकाळीच तिने स्वरूपला गाठलं. "ए शहाण्या, ढग नाहीत, झाडाची सावली नाही. मग पॅनेल दुपारचीच कशी बिघडतात?"

"तुला काय पडलंय? तू तर हसत होतीस!"

दर्शनाचे कान तापले. "होते हसत. आता शोधायचंय. येतोस का?"

"मी पण!" स्वरूपची धाकटी बहीण राही ओरडली.

दुपारी तिघं गच्चीवरच्या टाकीमागे लपली. स्लॅब नुसता तव्यासारखा तापला होता.

"माझी भाकरी होतेय!" राही कुजबुजली.

"गप गो!"

जिन्यात पावलं वाजली. टोपली घेऊन वर आल्या त्या करुणाकाकू, स्वरूपची आई! त्यांनी पॅनेलवर जुनी साडी पसरली, टोकं बांधली आणि तिच्यावर रातांब्यांची ओली, लालभडक सालं मांडायला घेतली.

"आई! आमसुलं? पॅनेलवर?"

"अगो बाय! केवढ्याने दचकवलंत! मग कुठे वाळवू? अख्खी गच्ची तुमच्या काचांनी खाल्ली! इथे कशी झक्क तापतात, कोंबड्याही येत नाहीत. तुझे बाबा यायच्या आत उचलते की!"

"अहो काकू, पॅनेलला ऊन लागलं तरच वीज!" दर्शना म्हणाली. "ती सगळी एका माळेत जोडलीत. थोडी झाकली, तरी बाकीचीही ढेपाळतात."

हेव्यापोटी का होईना, पॅनेल बसवायला आलेल्या माणसाला तिने प्रश्न विचारून भंडावलं होतं ना!

साडी उचलली, काचा पुसल्या. सगळे मोबाइलवर वाकले.

"चढली! चढली!" राही नाचायलाच लागली.

स्वरूपने बाबांना फोन लावला. निलेशकाका कारखान्यातून धावत आले आणि सगळं ऐकून कपाळावर हात मारून हसले.

"पोरी, नकार कळवायला फोन काढलाच होता मी! आता कारखान्यावरही बसवतो आणि तुझ्या बाबांनाही सांगतो, खुशाल बसव. शाब्बास! नाहीतर आमचा स्वरूप! घर त्याचं, आई त्याची, आणि शोध लावला शेजारणीने!"

सगळे हसले. स्वरूप नाही हसला. ओठ आवळून तो खाली बघत राहिला. ते तोंड दर्शनाने लगेच ओळखलं. पॅनेल आल्यापासून आरशात ती तेच तर बघत होती! एक झकास टोमणा अगदी जिभेवर आला होता. तिने तो गिळला.

"काका, दुपारची रेघ पडते हे आधी स्वरूपनेच पाहिलं होतं," ती म्हणाली. मग तिने आमसुलांच्या साडीची दोन टोकं उचलली आणि उरलेली दोन त्याच्या हातात दिली. "धर नीट. आमच्या दारापुढच्या खळ्यात ढीगभर ऊन वाया चाललंय!"

आणि मागून करुणाकाकू "सांडू नका रे!" म्हणून ओरडत असताना, ते ओलं लाल गाठोडं सांभाळत दोघं जिना उतरू लागली.