साडेतीन आटे

सावरखेडात हल्ली घर विकत घेणारा माणूस हवा-उजेड नंतर बघतो, आधी नळाच्या पाइपाचा तुकडा मागतो. प्लंबरने वीतभर तुकडा कापायचा, तो भालेराव मॅडमच्या प्रयोगशाळेत द्यायचा आणि तिसऱ्या दिवशी कागद हातात. या घरात गेल्या तीस वर्षांत पाणी किती वेळा आलं, किती वेळ आलं, कोणत्या उन्हाळ्यात नळ कोरडा पडला, सगळं त्यात असतं. दलालांनी सुरुवातीला याला नाकं मुरडली. आता तेच जाहिरातीत ‘कागदासह’ असं ठळक छापतात.

कांचन भालेराव समजावून सांगायची तेव्हा ही युक्ती अगदी सोपी वाटायची. सावरखेडचं पाणी जड. चहाच्या पातेल्याला पांढरा थर धरतो, तसाच तो जुन्या लोखंडी पाइपालाही आतून धरतो. पाणी वाहिलं की क्षाराचा एक पदर, पाणी गेलं की गंजाची एक लाल रेघ. पाण्याची जितकी खेप मोठी, तितका पदर जाड. डोळ्यांना यातलं काही दिसत नाही, पण कांचनच्या क्षारवाचक यंत्रातले किरण एकेक पदर सुटा करून मोजतात. धरणाच्या पाण्यातले क्षार वेगळे, बोअरचे वेगळे, टँकरचे वेगळे, त्यामुळे महिना आणि बहुतेक वेळा आठवडाही सांगता येतो.

भालचंद्र रत्नपारखी वारले त्याला दोन महिने होत आले होते. जलमंडळाचे ते कार्यकारी संचालक होते, आणि नोकरीत असतानाच त्यांनी विद्यानिधी, तर निवृत्तीनंतरच्या वीस वर्षांत मुलींचं वसतिगृह आणि डायलिसिस केंद्र उभं केलं होतं. पण सावरखेडच्या लोकांना ते आठवतात दोन हजार एकोणतीस सालच्या दुष्काळासाठी. धरणाचा तळ उघडा पडला होता. साहेबांनी दर दहा दिवसांनी प्रत्येक वस्तीला बरोबर एक तास पाणी दिलं. आमदाराच्या बंगल्याला एक तास आणि खदान वस्तीतल्या दगडफोड्यांनाही एक तास. ‘नळाला वशिला नाही’ हे त्यांचं वाक्य तेव्हा भिंतीभिंतींवर रंगवलेलं असायचं.

जुन्या व्हॉल्व्हघरात त्यांचं स्मारक होत होतं. त्यांची मुलगी शुभदाताई स्वतः चार पाइप घेऊन प्रयोगशाळेत आली. शहराच्या चार टोकांचे चार तुकडे होते.

“हे चारही शेजारी शेजारी मांडू,” ती म्हणाली. “एकोणतीस सालचे पदर सारखे दिसले की झालं. बाबांना भाषणं आवडायची नाहीत. आणि तुम्ही विद्यानिधीच्या विद्यार्थिनी, म्हणजे वाचन तुमच्याच हातून व्हायला हवं.”

कांचनने मान हलवली. चौथ्या तुकड्यावर खडूने ‘खदान वस्ती’ असं लिहिलेलं होतं. याच पाइपासाठी ती अकरा वर्षं जलमंडळाकडे अर्ज करत होती. रस्त्याखालचा पाइप मंडळाच्या मालकीचा, त्यामुळे दर वेळी नकार येई. ते शुभदाताईला ठाऊक नव्हतं आणि कांचननेही सांगितलं नाही.

कारण तिचे वडील अंबादास भालेराव, म्हणजे आबा, हे खदान वस्तीचे चावीवाले होते. व्हॉल्व्हची चावी फिरवून पाणी सोडायचं नि बंद करायचं, ही त्यांची नोकरी. त्याच दुष्काळात, अकरा एप्रिलला, त्यांना कामावरून काढलं. खालच्या विद्यानगर वस्तीतल्या कुणीतरी त्यांना ठरल्या दिवसाशिवाय व्हॉल्व्ह उघडताना पाहिलं होतं. कागदावर सही रत्नपारखींची होती. कांचन तेव्हा नऊ वर्षांची होती. शाळेत तिला पाणीचोराची पोरगी म्हणायचे, आणि त्यावर आबा कधीच काही बोलले नाहीत. मी केलं असं नाही, की केलं नाही असंही नाही. पुढल्याच वर्षी विद्यानिधीची शिष्यवृत्ती मिळाली आणि ती थेट पीएचडीपर्यंत चालली. आबांनी चोरी केली नव्हती, एवढं एकदा सिद्ध करायचं म्हणून ती या पदरांच्या नादी लागली होती. यंत्राच्या प्रबंधात अर्थातच असं काही लिहिलेलं नव्हतं.

पहिल्या तीन पाइपांत मार्च ते जून बारा जाड पदर होते, अगदी एकसारखे. शुभदाताईला हवं होतं तेच. चौथ्या पाइपातही बारा होते, पण ते निम्म्या जाडीचे. आणि त्यांच्या अधेमधे, प्रत्येक पदरानंतर पाच दिवसांनी, आणखी एक पदर होता.

कांचनने पडद्यावर ते मोठे करून पाहिले. आबांनी चोरी केली होती. तिचंच यंत्र तिला ते सांगत होतं, आणि यंत्राशी हुज्जत घालता येत नव्हती. तिला रडू आलं ते तिने आवरलं आणि सवयीने तारखा लावायला घेतल्या. चोरीचे पदरही एकूण बारा होते. त्यांतले चार पदर अकरा एप्रिलच्या आधीचे होते आणि आठ नंतरचे.

तिने पुन्हा मोजले, तरी आठच. आबा घरी बसल्यावर, त्यांची चावी काढून घेतल्यावरही कुणीतरी तोच व्हॉल्व्ह दर दहा दिवसांनी उघडत होतं. कामावरून काढल्याचा कागद तिला पाठ होता. ‘चावी कार्यकारी संचालकांच्या ताब्यात जमा,’ असं त्यात शेवटी लिहिलेलं होतं.

दुपारी ती पाइप घेऊन घरी गेली. आबा ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होते. तिने पडद्यावरची पदरांची आकृती छापून आणली होती, ती त्यांच्यापुढे ठेवली आणि कोणता पदर काय ते बोटाने दाखवलं.

“तुमच्यानंतर आठ वेळा, आबा. चोर साहेब होते. तुमच्यावर ढकलून मोकळे झाले.”

आबांनी चष्मा पुसून घातला. आकृतीवर त्यांचं बोट हळूहळू सरकत मधल्या पदरांतल्या पाचव्यावर थांबलं. तो बाकीच्यांपेक्षा जवळजवळ दुप्पट जाड होता.

“हा पदर जाड कसा गं?”

“पाणी जास्त सुटलं असणार.”

आबा हसायला लागले. इतके, की शेंगांचं सूप मांडीवरून खाली आलं. “नवा हात. मी चावीचे साडेतीन आटे सांगितले होते, त्यांनी पाच फिरवले असतील. सायबाला कुठलं जमायलंय पहिल्या खेपेला.”

“तुम्ही सांगितले होते?”

“केबिनात बोलावलं होतं मला. कागद दिला, चावी ठेवून घेतली. मग दार लावलं नि विचारलं, अंबादास, का उघडलंस? म्हणलं, सायेब, तुमचा तास सगळ्यांना सारखा हाय, पण वस्ती उंचावर हाय. खाली चार नळ सुरू झाले की वर नुसती हवा येती. तासाभरात चार घागरी भरत नाहीत. दहा दिसांच्या अर्ध्यावर मी परत अर्धं देतो, म्हंजी बाकीच्यांइतकं होतं. त्यांनी चावी हातात घेऊन वजन बघितलं. मग म्हणाले, किती आटे? मी म्हणलं, साडेतीन. त्याच्या वर गेलात तर खाली विद्यानगरच्या नळाची धार बारीक होती नि त्यांना कळतंय.”

कांचनने आकृतीवर निम्मा पदर आणि मधला पदर यांची बेरीज केली. पहिल्या तीन पाइपांतल्या एका जाड पदराएवढीच भरली, जवळजवळ केसाचाही फरक नाही. ज्याला शहर सव्वीस वर्षं चोरी म्हणत आलं होतं, त्या पदरांनीच साहेबांचं वाक्य खरं केलं होतं. विद्यानगरला हे तेव्हा सांगितलं असतं, तर प्रत्येक वस्तीने आपापली चावी हातात घेतली असती. हेही तिला कळत होतं, आणि ते कळल्याचा तिला राग येत होता.

“आणि तुम्ही गप्प बसलात.”

“बोललो असतो तर वस्तीचं पाणी बंद. कुणाच्या का हातानं, पाणी यायलं होतं.”

“साहेबांचा राग नाही आला?”

“आला की. अजून हाय.” आबांनी सांडलेल्या शेंगा गोळा करायला घेतल्या. “काढल्याचा नाही.”

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सकाळी कांचन आबांना घेऊन व्हॉल्व्हघरात गेली. शुभदाताईला तिने फोनवर सगळं सांगितलं होतं. शुभदाताई म्हणाली, “त्यांना घेऊन या.”

आत साहेबांचा चष्मा, डायरी, फिरायला जायची काठी मांडून ठेवली होती. शेवटच्या काचेत एक लोखंडी चावी होती, हातभर लांब, मुठीला लाल काठाची चिंधी गुंडाळलेली. खाली ‘साहेबांची चावी’ असं कार्ड होतं.

“बाबांच्या कपाटात होती,” शुभदाताई म्हणाली. “आम्हाला वाटायचं, आठवण म्हणून ठेवलीय. त्या उन्हाळ्यात ते खदानीच्या टेकडीवर फिरायला जायचे. आई म्हणायची, एवढ्या दुष्काळात यांना हवा खायला सुचते.” तिने चिंधीकडे बोट दाखवलं. “ही तुमची ना?”

“चिंधी हिच्या आईच्या लुगड्याची,” आबा म्हणाले. “हाताला फोड यायचे.”

शुभदाताईने काच उघडून चावी त्यांच्या हातात दिली आणि जुनं कार्ड काढून कोरं पुढे केलं. “काका, मी उद्या सगळ्यांसमोर सांगणार आहे. बाबांचं मोठेपण कमी होईल, होऊ दे. इथं काय लिहू, तेवढं तुम्ही सांगा.”

आबांनी चावी उभी धरली. हवेत फिरवताना हात नेमका थांबला, साडेतीनावर. कांचनला अभिमान वाटला.

“लिहा काय बी,” आबा म्हणाले. “मला एकच विचारायचं होतं. सायबालाच विचारणार होतो, आता तुम्हाला विचारतो. दुष्काळात त्यांनी बोलू नये, ते मला कळतंय. पण जुलैत पाऊस पडला. धरण भरलं. नळाला रोज पाणी आलं. ही पोरगी तरी शाळेतून रडत यायची. त्यानंतर सव्वीस वर्षं होती, ताई. त्यांच्यातला एक दिस बी सापडला नाही का?”

शुभदाताईने कार्ड तसंच कोरं काचेत ठेवलं. शेजारच्या काचेत चारही पाइप उजळलेले होते. कोणत्या दिवशी किती पाणी आलं, ते त्यांत सगळं होतं. आबांनी विचारलं होतं, तेवढं मात्र कुठल्याच पदरात नव्हतं.