आशाबाईंच्या गादीचा कापूस

हिमांशूला या सगळ्या खटाटोपातून मिळवायचं होतं एक वाक्य, तेही स्वतःच्या बायकोच्या तोंडून.

गारखेड्याच्या फ्लॅटमध्ये त्यानं स्पीकरच्या तीन जोड्या बांधल्या. मरीन प्लायची खोकी, परदेशी वूफर, तांब्याची जाड तार. वैदेही ऐकायची, "छान आहे" म्हणायची आणि कुकर लावायला उठायची. त्याच वैदेहीनं सिडकोत सत्यमच्या घरी, सत्यमनं बांधलेल्या स्पीकरसमोर डोळे मिटले. "अगं बाई, समोर माणूस बसलंय!"

सत्यम मूळचा सिल्लोडचा, हिमांशूचा कॉलेजपासूनचा मित्र. प्लाय तेच, वूफर तेच. फरक पोटात होता. आवाज खोक्यात घुमू नये म्हणून आत काही मऊ भरतात. हिमांशू पॉलिस्टर भरायचा. सत्यमनं वारलेल्या आईच्या, आशाबाईंच्या, गादीचा कापूस भरला होता.

"गेलेल्या माणसाचं अंथरूण कुणी घरात ठेवतं का रे?"

"चुलते बी तेच म्हणले, दे टाकून. मला नाय टाकवलं."

"मला थोडा दे की."

"दुसरं काय बी माग गड्या."

पुढं सत्यमनंच दोन्ही स्पीकर कपॅसिटर बदलायला हिमांशूकडे आणून दिले. सोल्डरिंगमध्ये हिमांशूचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यानं कपॅसिटर बदलले, आणि कापूसही. कापसाला मिश्रीचा वास होता. सत्यमचे स्पीकर पॉलिस्टर पोटात घेऊन घरी गेले.

त्या दुपारी हिमांशूनं तो कापूस भरलेल्या आपल्या स्पीकरवर ठुमरी लावली. वैदेही आली, बसली, डोळे मिटले. "माणूस बसलंय समोर."

हिमांशूला पेढे वाटावेसे वाटले.

मग त्याच्या लक्षात आलं, गाणारीनं सूर लावण्याआधी दुसरंच कुणीतरी श्वास घेतंय. त्यानं बासरी लावली. श्वास तोच. म्हातारा, किंचित घरघरणारा.

त्यानं अॅम्प्लिफायर बंद केला आणि वूफरच्या पडद्याला बोट लावलं.

पडदा हलत होता. सावकाश आत. सावकाश बाहेर.

वैदेही आता कुकरसाठी उठेना. जेवण झालं की बंद स्पीकरांसमोर फरशीवर बसायची, मान कलती करून.

"काय ऐकतेस?"

"थांब ना. सांगतायत काहीतरी."

इतक्या वर्षांत त्याचं बोलणं तिनं असं मान कलती करून कधी ऐकलं नव्हतं. हिमांशूला भीती वाटली, पण आधी जळफळाट झाला.

शेवटी त्यानं पेचकस घेतला, सगळा कापूस उपसून पोत्यात भरला आणि सत्यमला फोन केला. "चूक झाली यार. येऊन घेऊन जा."

सत्यम आला. पोत्यात कोपरापर्यंत हात घातला.

"रिकामं हाय."

"अरे, तोंडापर्यंत भरलंय."

"रिकामं हाय, हिमांशू."

वैदेही पाय ओढत बाहेर आली. सत्यमच्या गालांवरून दोन्ही तळवे फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

"लई वाळलास रं, सत्या."

सत्यम वाकला. त्यानं तिचे पाय धरले.

"वैदेही," हिमांशूनं हाक मारली. पुन्हा मारली.

सत्यमला आई मिळाली, आशाबाईंना लेक. हिमांशूचं वाक्य त्याला केव्हाच पोचलं होतं. किंमत मोजली ती जिनं काहीच मागितलं नव्हतं तिनं.

हाकेच्या दिशेनं तिनं वळून पाहिलं. परक्या पुरुषासमोर घेतात तशी ओढणी डोक्यावर घेतली आणि सत्यमला हळूच विचारलं,

"ह्ये पावणं कोण म्हणायचे?"