पाखरू फुललं की येते

दार उघडलं तर समोर एक उंच माणूस हातात जबडा घेऊन उभा होता.

अख्खा जबडा – वरचे दात, खालचे दात, हिरड्यांसकट. तो प्लॅस्टरचा आहे हे चिमीच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. तोवर तिने दार अर्धं लावून घेतलं होतं.

"घाबरू नका, माझा नाही," तो घाईघाईने म्हणाला. "मी खालच्या मजल्यावर नवीन राहायला आलोय. कवळ्या बनवतो. हा साचा गॅलरीत वाळत ठेवला होता आणि वरून… हे बघा ना."

पांढऱ्याशुभ्र दातांवरून मातकट पाण्याचे ओघळ गेले होते. समोरचे दोन दात तर पार किडल्यासारखे दिसत होते. चिमीने ओठ घट्ट मिटून घेतले, पण हसू नाकातून निसटलंच.

"हसा, हसा. ज्यांचे हे दात आहेत त्या आजोबांना मात्र आता आठवडाभर हसता यायचं नाही."

"सॉरी हो. झाडाला पाणी घालत होते. पण एवढी लांब गॅलरी आहे तुमची, दुसऱ्या टोकाला ठेवा की."

"ऊन याच कोपऱ्यात येतं."

"आणि माझं झाड याच कोपऱ्यात राहतं."

त्याने तिच्या खांद्यावरून आत डोकावून पाहिलं. मग त्यानेच विचारलं, "एवढं पाणी पितं ते झाड… बघू का?"

त्या घरात आईनंतर चहाला म्हणून कोणी आलं नव्हतं, आणि हा माणूस तर दातांची तक्रार घेऊन आलेला. तरी चिमीने दार पूर्ण उघडलं.

झाड त्याच्या खांद्याला लागत होतं. केळीच्या जातीची पानं, पण ताठ, जाड, कडक इस्त्री केल्यासारखी. बर्ड ऑफ पॅरडाइज. आई त्याला पाखरू म्हणायची. केशरी तुरा आणि निळी जीभ असलेलं पाखरू चोच उघडून बसतं तसं फूल येतं, असं रोपवाटिकेतल्या बाईने तिला सांगितलं होतं. आईने वीतभर रोप आणलं, वाट पाहिली, आणि फूल न बघताच गेली.

तेव्हापासून दादा फोनवर मागे लागला होता. घर बंद कर, आमच्याकडे ये, एकटी काय करतेस तिथे? दादाचं म्हणणं खोटं नव्हतं. तीन खोल्यांत ती एकटी होती. संध्याकाळी एका खोलीत रेडिओ लावायचा आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचं, म्हणजे पलीकडे कोणीतरी बोलतंय असं वाटतं, ही युक्ती तिने स्वतःच शोधली होती. तरी घर सोडायचं तिच्या जिवावर यायचं. मग ती म्हणायची, "पाखरू फुललं की येते."

"चिमे, ते झाड आहे की सरकारी काम?" वहिनी विचारायची. तिशी उलटली तरी घरच्या माणसांना ती अजून चिमीच होती. पण आईचं फूल बघून मगच निघायचं, हे दादालाही पटलेलं होतं. फूल आलं की निघायचं. शब्द दिला होता, आणि शब्द मोडणाऱ्यांतली ती नव्हती.

कवळीवाला पुढच्या आठवड्यात पुन्हा आला. जबडा वेगळा, ओघळ तेच.

या वेळी चहा झाला. गॅलरीत एक नवी कोरी, भलीमोठी कुंडी बघून तो थबकला. "हे काय, आंघोळीला आणलंय?"

"दर वर्षी आईच्या वाढदिवसाला पाखराची कुंडी बदलते मी. आधीच्यापेक्षा मोठी आणते. त्याला अडचण नको व्हायला."

"दर वर्षी?" त्याने कप खाली ठेवला. "अहो, म्हणूनच फुलत नाहीये ते! आमच्या मावशीकडे हेच झाड होतं, फुटक्या बादलीत. मावशीला झाडांचा कंटाळा. मुळं दाटून दाटून शेवटी बादलीच्या भेगेतून बाहेर आली होती, पण फुलांना तोटा नव्हता. याला ऐसपैस जागा मिळाली की हे नुसतं मुळं पसरत बसतं. दाटी झाल्याशिवाय फुलायचं नाव घेत नाही."

चिमीला ते लागलं. एवढी वर्षं जे लाड केले, तेच आड आले म्हणायचे!

"तुम्हाला दातांतलं कळतं की झाडांतलं?" ती फणकारली.

"दातांचंही तसंच असतं. शेजारी मोकळी जागा राहिली की चांगला दातसुद्धा कलतो." असं म्हणून त्याने तिच्याकडे बघितलं आणि लगेच चहात बघायला लागला.

त्या वर्षी कुंडी बदलली नाही. नवी कुंडी त्याने खाली नेली, जुने साचे ठेवायला. झाड चिमीने कठड्याजवळ, भरपूर उन्हात सरकवलं. वरची माती सुकेपर्यंत पाणी घालायचं नाही, ओल्या फडक्याने पानं पुसायची, बाकी त्याच्या वाटेला जायचं नाही. पण पाणी घातलं की ते गळायचंच, आणि गळलं की थोड्या वेळाने बेल वाजायचीच. बेल वाजेपर्यंत केस नीट करायला पुरेसा वेळ मिळतो, हेही तिला आता कळलं होतं.

मग एका पावसाळी दुपारी तो तिच्या दुकानात आला. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करायची ती.

"बारीक काम दिसेनासं झालंय," तो खुर्चीत बसत म्हणाला. "परवा एका आजींना आजोबांची कवळी बसवत होतो."

तिने त्याच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवली. काचेवर पाऊस वाजत होता. एकामागून एक भिंगं बदलायला ती वाकली, तेव्हा त्याच्या शर्टाला ओल्या प्लॅस्टरचा वास आला – भिंतीला नुकता रंग दिलेल्या घरासारखा.

"आता बरं दिसतंय, की आता?"

"आता."

"समोरचा तक्ता बघा हो. माझ्याकडे काय बघताय?"

"तुम्ही मध्ये उभ्या आहात… आणि असू दे. बरं दिसतंय."

दिवसभर शेकडो डोळ्यांत डोकावणारी चिमी त्या दिवशी पहिल्यांदा भिंग उलटं लावून बसली.

नवा चष्मा आला त्याच आठवड्यात झाडाच्या बुंध्यापाशी एक हिरवी सुरळी वर आली. तो खाली वाकून बघायला लागला.

"हे पान नाही. टोक बघा, लालसर आहे. चोच आहे ही!"

चिमीला ते दोन दिवसांपूर्वीच कळलं होतं. त्या रात्री तिला झोप लागली नव्हती. ज्या फुलासाठी ती इतकी वर्षं थांबली होती, ते आता येऊ नये असं तिला वाटत होतं, आणि असं वाटल्याची आईसमोर लाजही वाटत होती.

"पान आहे ते," ती म्हणाली.

"अहो, नीट बघा –"

"चष्मा नवीन आहे तुमचा, सवय व्हायची आहे. पान आहे म्हटलं ना!"

नेमका तेव्हाच फोन वाजला. हात मातीचे होते म्हणून तिने तो स्पीकरवर टाकला, आणि वहिनीचा खणखणीत आवाज गॅलरीभर पसरला, "काय गं चिमे, फुललं का पाखरू? तुझी खोली रंगवून घेतलीय हो. आता फूल आलं की घराला कुलूप लावायचं आणि निघायचं, ठरलंय ना आपलं?"

तो हळूच उभा राहिला. चष्मा काढून पुसत राहिला.

"मग… छानच," तो म्हणाला. "घरच्या माणसांत जाल. एकटं राहणं काही खरं नाही." आणि चप्पल घालून तो निघून गेला.

छानच! चिमीला रडूही आलं आणि रागही आला. थांबा म्हणाला असता तर जीभ झडली असती का त्याची? दुसऱ्या दिवशी तिने कुंडीखाली ठेवायला चांगली खोलगट थाळी आणली. आता एक थेंबही खाली जाणार नव्हता. थेंब खाली गेला नाही, आणि बेलही वाजली नाही. तिने पुन्हा पलीकडच्या खोलीत रेडिओ लावायला सुरुवात केली, पण आता त्यातून कोणी बोलतंय असं वाटेना. नुसता रेडिओच वाजायचा.

एका सकाळी पाखराने चोच उघडली. केशरी तुरा, निळी जीभ. आई म्हणायची तसंच, अगदी तसंच. चिमी त्याच्यासमोर जमिनीवर बसली आणि पोटभर रडली. मग डोळे पुसून कठड्यावरून खाली वाकली.

खालच्या गॅलरीत जबडे ओळीने वाळत ठेवले होते, त्याच कोपऱ्यात. समोरच्या भिंतीमुळे खालचा कोपरा अख्खा सावलीत होता. ऊन गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला पडलं होतं, आणि तिथे काहीही ठेवलेलं नव्हतं. इतके दिवस हिने खाली वाकून बघितलंच नव्हतं! दुसऱ्यांचे डोळे तपासणारी ही बाई…

तिने थाळी काढली. मग मगभर पाणी घेऊन कठड्यावरून सरळ खाली ओतलं.

बेल वाजली. केस नीट करायला या वेळी वेळच मिळाला नाही. तो दारात उभा होता, हातात निथळता जबडा, डोक्यावरूनही पाणी गळत होतं.

"गळतंय," तो म्हणाला.

"गळत नाहीये. मी ओतलं."

त्याने चष्म्यावरचं पाणी बोटाने पुसलं.

"फुललंय ते," ती म्हणाली.

"काल खालून चोच जराशी किलकिली झालेली दिसली होती. म्हटलं, आता तुम्ही…"

"तुमच्या त्या कोपऱ्यात ऊन येत नाही."

त्याचे कान लाल झाले. "सकाळी जरासं… नाही. नाही येत."

"मग तिथे का ठेवता?"

"पाणी तिथेच पडतं ना."

चिमी हसली. "मला हे घर एकटीला फार मोठं होतं हो," ती म्हणाली. "आता मला थोडी दाटी हवी आहे. चालेल तुम्हाला?"

"माझ्याकडे जबडे खूप आहेत," तो म्हणाला. "अडचण होईल तुला."

'तुला' ऐकून ती बाजूला झाली, त्याला आत यायला वाट देत.

मग तिने दादाला फोन लावला. उचलला वहिनीने.

"वहिनी, पाखरू फुललं."

"अगं बाई! मग कधी येतेस?"

"येते ना. दोघं येतो, चार दिवस राहायला."

"दोघं?" वहिनी गोंधळली. "म्हणजे, झाडही घेऊन येणार की काय तू?"

"नाही वहिनी," चिमी म्हणाली, "झाड इथेच राहील."