कोरड्या पाइपातले ठोके

खोटं सांगून मला काही मिळणार नाही. उलट लोक मलाच वेड्यात काढतील. तरी सांगते.

गेल्या महिन्यातला सोमवार. दुपारचे साडेतीन. माझ्या प्रदर्शनाला सुट्टी, हॉलमध्ये मी एकटी.

माझे बाबा पाणीखात्यात गळती शोधायचे. लोखंडी सळईचं एक टोक पाइपावर, दुसरं कानाला. रस्त्याखाली पाणी कुठे फुटलंय ते नुसतं ऐकून सांगायचे. पुढच्या खड्ड्यात जोडीदार असायचा. तेव्हा मोबाइल नव्हते, म्हणून पाइपावर ठोके. तीन ठोके म्हणजे ‘आहेस का?’ उलट तीन म्हणजे ‘आहे.’

पाच म्हणजे ‘काम सोड, इकडे ये.’

"उत्तर आल्याशिवाय जागा सोडायची नाही," हा बाबांचा नियम.

मीही पाणीच ऐकते. शहरातल्या नळांचे, टाक्यांचे, गटारांचे आवाज रेकॉर्ड करून लोकांना ऐकवते. बाबा चिडवायचे, "मला ऐकायचा पगार मिळायचा. तू तर तिकीट लावतेस!"

ते गेले त्या दिवशी मी पुलाखाली रेकॉर्डिंग करत होते. फोन सायलेंटवर. नंतर पाहिलं...

बाबांचे तीन मिस्ड कॉल. घरात ते एकटेच होते.

ते मला अजून खातं.

त्यांच्या जुन्या पाइपलाइनीचा सहा फुटी तुकडा मी भंगारातून आणून प्रदर्शनात मांडला. कोरडा ठणठणीत, दोन्ही टोकं उघडी. शेजारी बाबांची सळई.

हॉल झाडणाऱ्या मावशी दोनदा म्हणाल्या, "ताई, त्या पाइपात कोण टकटक करतंय बघा."

"उंदीर असेल, मावशी."

"अहो, आरपार दिसतंय की! कुठाय उंदीर?"

त्या सोमवारी मी सळई कानाला लावली.

काहीच नाही.

मग...

टक. टक. टक.

वाकून पाहिलं. पाइपातून पलीकडची भिंत दिसत होती.

पुन्हा तीन. सावकाश.

माझ्या डोळ्यांना धार लागली. सळई उचलून मीही तीन ठोके दिले. आहे, बाबा.

आवाज थांबला.

बरं वाटायला हवं होतं. पण बाबा दुसऱ्यांदा गेले असं वाटलं. प्रदर्शन संपल्यावर पाइप घरी आणला. रोज तीन ठोके द्यायचे आणि बसून राहायचं. उत्तर नाही. उठवतही नसे. मैत्रिणींचे फोन घेणं सुटलं, कामही सुटलं.

काल दुपारी उत्तर आलं.

टक. टक. टक.

मी चक्क हसले. सळई खाली ठेवणार, तेवढ्यात...

टक.

टक.

मोजण्यात माझी चूक झालेली नाही.

तेव्हापासून दाराला कुलूप घालून जिन्यात बसलेय. आत जायची भीती वाटते. आणि जावंसंही वाटतं.

मी उत्तर दिलेलं नाही.

पण उत्तर आल्याशिवाय बाबा जागा सोडणार नाहीत.