केतकी जागी होती

मिरजेच्या एका इस्पितळात केतकी हुक्केरीचं पोट उघडं होतं आणि ती बेदाण्याच्या रंगाविषयी बोलत होती. तासगावच्या एका शीतगृहात ती कामाला. हिरवा बेदाणा पिवळा का पडतो, हे ती उशाशी बसलेल्या भूलतज्ज्ञ डॉ. नसीमा बारगीर यांना समजावत होती. छातीवर आडव्या लावलेल्या पडद्यापलीकडे डॉ. घळसासी तिचा डावा अंडाशय काढत होते.

ही किमया बधिरपट्ट्याची. पाठीच्या कण्यावर बसवलेला हा रुंद पट्टा मज्जातंतूंमधून वर जाणारा वेदनेचा निरोप वाटेतच थांबवतो. गुंगीचं औषध नाही, भूल उतरतानाच्या उलट्या नाहीत. पेशंट अगदी शुद्धीत. जोडीला पेशीदिवा. आदल्या दिवशी एक रंगद्रव्य टोचतात, ते फक्त कर्करोगाच्या पेशी शोषून घेतात आणि या जांभळ्या दिव्याखाली पिवळ्या चमकतात. निरोगी भाग काळा दिसतो. काय काढायचं नि काय ठेवायचं, हे आता डोळ्यांना दिसतं. विज्ञानानं आपलं काम चोख केलं होतं. माणसांनी काय केलं ते ऐका.

केतकी चोविशीची, लग्न व्हायचं होतं. रोग अगदी सुरुवातीलाच सापडला होता. तिनं डॉक्टरांना आधीच स्पष्ट सांगितलं होतं, "डावा काढा. पण उजवा अंडाशय आणि गर्भाशय वाचत असेल तर वाचवा. मला पुढं मूल हवंय." डॉक्टर हो म्हणाले होते. मिरजेला येताना गाडीत तिनं वडिलांनाही, म्हणजे आप्पांनाही, हेच सांगितलं होतं. आप्पांनी मान हलवली होती.

डावा अंडाशय निघाला. डॉक्टरांनी दिवा उजव्यावर फिरवला. सगळा काळा, फक्त एका कडेला ज्वारीच्या दाण्याएवढा पिवळा ठिपका. डॉक्टर थबकले. मग त्यांनी काढलेला अंडाशय ट्रेमध्ये ठेवला, हातमोजे उतरवले आणि ट्रे घेऊन दाराकडे निघाले.

"डॉक्टर कुठं चालले?" केतकीनं विचारलं.

"बाहेर," नसीमा म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा पडला होता. "विचारायला."

"कुणाला?"

"तुमच्या घरच्यांना."

"अहो, पण मी इथं आहे की!"

आपल्याकडची ही जुनी रीत. ऑपरेशनमध्ये काही वेगळं सापडलं की सर्जन ट्रे घेऊन बाहेर येणार, नातेवाइकांना दाखवणार, काय करायचं ते विचारणार. पेशंट भुलीत असायचा तेव्हा त्याला काही कारण तरी होतं. कारण गेलं, रीत तशीच राहिली. धडधडीत जागी बाई टेबलावर ठेवून डॉक्टरांचे पाय सवयीनं बाहेर वळले, आणि आपलं काही चुकतंय असं त्यांना वाटलंसुद्धा नाही. संताप येतो तो याचा.

मदतनिसांना सूचना देण्यासाठी डॉक्टरांच्या मास्कमध्ये बसवलेला माइक मात्र चालूच राहिला होता. बाहेरचं सगळं बोलणं आतल्या स्पीकरवर येऊ लागलं.

"उजव्यावर बारीक ठिपका आहे," डॉक्टर सांगत होते. "तेवढाच काढून बाकीचा अंडाशय ठेवता येईल. पण रोग परत येण्याचा धोका थोडा वाढतो, सारखी तपासणी करत राहावी लागेल. नाहीतर गर्भाशयासकट सगळं काढू."

"काढून टाका, डॉक्टर!" हे थोरले काका. "एकदाची कटकट जाऊ दे. सारखं दवाखान्यात जायला लागली तर गावभर बोभाटा होईल. पोरीला उजवायचंय अजून. आतलं काय काढलं आणि काय ठेवलं, कोण बघायला येतंय? पुढचं पुढं."

केतकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आप्पा आता बोलतील, गाडीतलं सांगतील, याची ती वाट बघत होती.

"आप्पासाहेब, तुमचं काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी काय सांगू?" आप्पा म्हणाले. "दादा म्हणतोय तसं करा."

डॉक्टर परत आले. नवे हातमोजे चढवले. "घरच्यांशी बोललोय. सगळं काढायचं ठरलंय," असं ते मदतनिसांना म्हणाले. पडद्याच्या अलीकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"कुणाचं ठरलंय?" केतकी ओरडली. "पोट कुणाचं फाडलंय, काकांचं?"

"हे बघ बाळ, तू आत्ता ताणात आहेस. टेबलावर असे निर्णय घेता येत नाहीत."

"पॅसेजमध्ये चहा पिताना घेता येतात होय? धोका किती, तपासणी कशी, सगळं ऐकलंय मी. दर तीन महिन्यांनी येईन तपासणीला. ठिपका काढा, बाकी ठेवा."

"आणि उद्या काही झालं तर हीच मंडळी आमच्या अंगावर येतात, त्याचं काय?"

"म्हणून माझं कापून त्यांची समजूत घालणार? वा रे वा!"

मग नसीमा उठून उभ्या राहिल्या. "सर, पेशंट शुद्धीत आहे आणि ती नको म्हणतेय. आता तुम्ही काढलंत तर मी साक्षीदार आहे. कुठंही विचारलं तरी सांगेन."

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. मग त्यांनी बारीक चिमटा मागितला. ठिपका निघाला. पुन्हा दिवा फिरवला, उजवा अंडाशय पूर्ण काळा होता. केतकी रडत होती, आणि नसीमांनी तिचा हात घट्ट धरला होता.

संध्याकाळी वॉर्डात काका आले ते तणतणतच. "आम्हाला न विचारता डॉक्टरांनी केलंच कसं?" म्हणाले आणि जाब विचारायला तरातरा निघून गेले. आप्पा राहिले. स्टूल ओढून कॉटशी बसले, पांघरूण सारखं केलं, पाणी हवं का विचारलं.

"मला सगळं ऐकू येत होतं, आप्पा," केतकी म्हणाली.

आप्पांचा हात पांघरुणावरच थांबला.

"आम्हाला काय माहीत," ते कसंबसं म्हणाले. "आम्हाला वाटलं, तुला भूल दिलीय. झोपली असशील."

केतकीनं त्यांच्याकडे मान वळवली. त्यांचे डोळे भरले होते, ते तिला दिसत होतं. दयाही येत होती. पण राग त्याहून मोठा होता, आणि तो गिळायचा नाही असं तिनं ठरवलं होतं.

"झोपलेलीच असते, तर उठल्यावर मला काय सांगणार होता, आप्पा?"